प्रकृती, मापं आणि जीन: थिसिसचा विषय ठरवायच्या आधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही आयुर्वेदात एमडी क्रियाशारीरच्या पहिल्या वर्षाला आहात, थिसिसला 'प्रकृती आणि जीन' घ्यायचंय, प्रकृती म्हणजे माणसाची जन्मापासूनची वात, पित्त, कफ या दोषांची ठेवण. गाईड म्हणतायत ६० जण घ्या, प्रश्नावली भरून घ्या, वात-पित्त-कफ असे २०-२० पाडा, एका जीनचं जीनोटायपिंग, म्हणजे त्या जीनचा कुठला प्रकार कोणात आहे ते, बाहेरच्या लॅबमधून करून आणा, झालं. आणि तुम्ही विचारताय की डीएनएवरून प्रकृती आता सिद्ध झालीय का, ६० सॅम्पल पुरतील का, आणि उंची, वजन, चरबीची घडी असली मापं घेण्यात वेळ घालवायचा का.

मी वैद्य आहे, गेली २२ वर्षं ओपीडी आणि संशोधन दोन्ही करतेय, आणि त्यातली बरीच वर्षं गावागावांत जाऊन लोकांच्या प्रकृती तपासण्यात आणि टेप-कॅलिपर घेऊन मापं घेण्यात गेलीत. तेव्हा सरळ सांगते. सिद्ध झालीय हा शब्द वापरू नका, काही चांगले धागे हाताला लागलेत एवढंच म्हणा. ६० पुरणार नाहीत. आणि मापं हाच तुमच्या थिसिसचा गाभा असायला हवा, जीन नंतर. आता का ते सविस्तर सांगते, कारण हे मला कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर माझी तीनेक वर्षं वाचली असती.

एक प्रसंग सांगते. एका गावात आमचं तपासणीचं काम चालू होतं, मार्च महिना, शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. एक २४ वर्षांचा मुलगा आला, कांद्याच्या शेतातून थेट बाईकवर. आमच्या पहिल्या वैद्यांनी त्याच्या हाताला हात लावला, अंग गरम, घाम आलेला, चेहरा लालसर, तहान लागलेली, पाणी मागून प्यायला. त्यांनी लिहिलं पित्त-वात. मग नाश्ता झाला, तो मुलगा दुसऱ्या खोलीत पंख्याखाली पाऊण तास बसला, कोणाशी काही न बोलता, आणि मग दुसऱ्या वैद्यांकडे गेला. त्यांना हात गार लागला, त्वचा कोरडी, बोलणं कमी, हालचाल संथ. त्यांनी लिहिलं वात-कफ. दोघंही चांगले वैद्य, दोघांचाही अनुभव १५ वर्षांच्या वर, दोघांनीही खरंच जे दिसलं ते लिहिलं. माणूस एकच, दिवस एकच. आणि आम्ही त्याच मुलाचं रक्त घेऊन ठेवलं होतं जीन बघायला! मला तेव्हा लख्ख कळलं की पुढे ते मशीन कितीही अचूक असू दे, ते या मुलाला कुठल्या गटात टाकून वाचणार आहे हे आपण या दोन खोल्यांत ठरवतोय, आणि इथेच गडबड आहे.

तर हे सगळ्यात महत्त्वाचं. आजकाल डीएनए वाचायला अवघड राहिलेलं नाही, चिपवर लाखो ठिकाणं एका वेळी वाचता येतात आणि चूक फार कमी होते. प्रकृतीचं तसं नाही. प्रकृती हे एक लेबल आहे जे वैद्य लावतो, आणि ते लेबल दोन वैद्य सारखंच लावतात का, तोच वैद्य महिन्यानी परत सारखंच लावतो का, हे आधी मोजलं पाहिजे. लेबल डळमळीत असेल तर जीनचा संबंध खरा असला तरी दिसणार नाही, आणि खोटा असला तरी कधीकधी दिसेल.

आता झालेलं काम बघू, कारण तुमच्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणात हे येणारच आहे आणि बरेच विद्यार्थी ते नुसतं उतरवून काढतात.

सुरुवात पुण्यातून झाली असं म्हणायला हरकत नाही. २००५ मध्ये भूषण पटवर्धन, कल्पना जोशी आणि अरविंद चोप्रा यांनी ७६ जणांवर एचएलए जीनचं काम छापलं. एचएलए म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित जीन, माणसामाणसात खूप फरक असलेले. त्यांना दिसलं की त्यातल्या डीआरबी१ या जीनचा एक प्रकार वात गटात अजिबात नव्हता, दुसरा एक कफ गटात नव्हता. संख्या लहान होती पण प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला, की प्रकृतीचे गट आणि जीनचे गट एकमेकांवर पडतात का. मग २००८ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जीनोमवर काम करणाऱ्या संस्थेत भावना प्राशेर आणि मिताली मुखर्जी यांच्या गटाने एक हुशारीची गोष्ट केली. त्यांनी सगळे लोक घेतलेच नाहीत, एकाच दोषाचं अगदी ठळक प्राबल्य असलेले, टोकाचे लोक निवडले. आपल्या ओपीडीत निम्म्याहून जास्त लोक द्वंद्वज असतात, वात-पित्त, पित्त-कफ, त्यांना ओढूनताणून एका गटात कोंबलं की सगळं पुसट होतं. टोकाचे घेतले तर फरक दिसायची शक्यता वाढते. त्यांना रक्ताच्या साध्या तपासण्यांत आणि कुठले जीन किती चालू आहेत यात गटागटात फरक दिसले, आणि हे सगळे लोक निरोगी होते हे लक्षात घ्या.

२०१० चं त्यांचं काम मला व्यक्तिशः सगळ्यात पटतं आणि का ते जरा खोलात सांगते. ईजीएलएन१ नावाचा जीन आहे, शरीरातल्या ऑक्सिजनची पातळी ओळखणाऱ्या यंत्रणेतला. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९ चं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना. तर या जीनमधल्या एका जागेवर टीटी हा प्रकार कफ प्रकृतीच्या लोकांत जास्त दिसला आणि पित्तात कमी. इथे थांबले असते तर तो आणखी एक संबंध झाला असता. पण ते पुढे गेले. उंचावर गेल्यावर काहींच्या फुफ्फुसात पाणी होतं, जीवघेणं असतं ते, तशा पेशंटमध्ये बघितलं तर हा टीटी प्रकार जास्त, आणि पिढ्यान् पिढ्या उंचावर राहणाऱ्या लोकांत जवळजवळ नाहीच. म्हणजे सपाटीवर वैद्याने हात लावून, भूक-झोप विचारून जे गट पाडले त्यातून एक असा जीन समोर आला जो हिमालयात जगण्या-मरण्याशी जोडलेला निघाला, आणि तिबेटी लोकांवर काम करणाऱ्या वेगळ्या गटांनाही त्याच वर्षी वेगळ्या वाटेने हाच जीन सापडला. मला हे काम आवडतं कारण यात पडताळणी वेगळ्या माणसांत झाली. मात्र यावरून 'कफ प्रकृतीच्या माणसाने लडाखला जाऊ नये' असं कोणी लिहायला लागलं तर ते चूक आहे, तेवढं हे काम म्हणत नाही.

२०११ मध्ये पुण्याच्या योगिता घोडके, जोशी आणि पटवर्धन यांचं सीवायपी२सी१९ वरचं काम आलं, तुमच्या गाईडच्या डोक्यात बहुतेक हेच असावं. लिव्हरमधलं हे एन्झाइम बरीच औषधं पचवतं म्हणा ना, क्लोपिडोग्रेल हे हार्टच्या पेशंटला देतात ते औषध कामाला लागायला हे एन्झाइम लागतं, अ‍ॅसिडिटीच्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या यानेच मोडल्या जातात. १३२ निरोगी लोक घेतले होते. औषध हळू मोडणारा प्रकार कफात ३१ टक्के, वातात १२, पित्तात ९. वाचायला छान वाटतं, पित्ताचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, तीक्ष्ण आणि कफाचा मंद, शास्त्राशी अगदी जुळतं. मलाही वाचून आनंद झाला होता. पण आता तुमच्या ६० जणांवर हेच लावून बघा. २० कफ, २० पित्त. कफात ३१ टक्के म्हणजे साधारण ६ जण, पित्तात ९ टक्के म्हणजे २ जण. ६ विरुद्ध २. फिशरची टेस्ट लावली तर पी व्हॅल्यू, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता, ०.२ च्या वर येते. म्हणजे फरक खरोखर तेवढा मोठा असला तरी तुमच्या ६० जणांत तो सिद्ध होणार नाही, आणि तुम्ही लिहाल 'संबंध आढळला नाही'. दोन वर्षं घालवून, लॅबचे पैसे भरून, हे लिहायचं? म्हणून म्हणते, हा आराखडा सुरू व्हायच्या आधीच हरलेला आहे, यात तुमचा दोष नाही.

२०१५ चं मोठं काम हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या थंगराज यांच्या गटाचं. ३४१६ तरुण पुरुष तपासले, २० ते ३० वयाचे, त्यातून एकाच दोषाचं स्पष्ट प्राबल्य असलेले ९७१ निघाले, आणि शेवटी जीनोमसाठी २६२ घेतले. वैद्यांच्या मताबरोबर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं आयुसॉफ्ट हे प्रकृती ठरवणारं सॉफ्टवेअरही वापरलं. ही गाळणी बघा, ३४१६ वरून २६२! हे आकडे गाईडना नक्की दाखवा. त्यांना ५२ जागा अशा सापडल्या जिथे गटागटात फरक होता, त्यातला पीजीएम१ जीन त्यांनी पित्ताशी जोडला, तो साखरेच्या चयापचयातला आहे. आता माझं मत. त्यांनी फरक खरा मानायची रेष एक लाखात एक अशी ठेवली होती आणि तपासलेल्या जागा दहा लाखांच्या आसपास होत्या. तर नुसत्या योगायोगानेसुद्धा दहाएक जागा त्या रेषेच्या आत येणार, साधा गुणाकार आहे. एवढ्या जागा तपासताना नेहमीची रेष याहून खूप कडक असते, दोन कोटीत एक. त्यांनी योगायोगाचा हिशोब वेगळ्या पद्धतीने केलाय आणि मेहनतीने केलाय, पण ज्या लोकांतून ५२ जागा निवडल्या त्याच लोकांना त्या जागा वापरून तीन गटांत पाडलं तर ते पडणारच. हे चित्र वेगळ्या २६२ जणांत उभं राहिलं पाहिजे, तोपर्यंत मी त्याला दिशा म्हणेन, पुरावा म्हणणार नाही.

आणखी एक खड्डा आहे ज्यात आपल्याकडे हमखास पाय जातो. आपल्या समाजात शतकानुशतकं लग्नं जातीतच, कित्येकदा पोटजातीतच झाली, त्यामुळे समाजासमाजात जीनचे फरक आहेत. आता समजा तुमच्या वात गटात योगायोगाने एकाच समाजाची मंडळी जास्त आली, कारण तुमचं कॉलेज त्या भागात आहे, आणि कफ गट दुसऱ्या तालुक्यातून आला, तर जो जीनचा फरक दिसेल तो प्रकृतीचा नसेलच, समाजाचा असेल. आणि गंमत नाही, हे चरकाने लिहून ठेवलंय. चरकसंहितेतल्या इंद्रियस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृतीचे प्रकार सांगताना जातिप्रसक्ता, कुलप्रसक्ता, देशानुपातिनी, कालानुपातिनी, वयोनुपातिनी आणि प्रत्यात्मनियता असे सहा सांगितलेत. जात, कूळ, प्रदेश, काळ, वय, आणि मग त्या माणसाची स्वतःची. आजचा जीनशास्त्रज्ञ ज्याला गोंधळ घालणारे घटक म्हणतो त्यातले बहुतेक या यादीत आहेत. म्हणूनच पुण्याजवळच्या वढूला केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं जे ग्रामीण आरोग्याचं काम चालतं तिथे हे संशोधन नेलं गेलं, कारण तिथे जनुकीयदृष्ट्या बऱ्यापैकी सारखी लोकसंख्या एका जागी मिळते. २०१७ मध्ये या पश्चिम भारतातल्या १४७ निरोगी, टोकाच्या प्रकृतीच्या लोकांच्या लक्षणांवर मशीन लर्निंग लावलं, वैद्यांनी पाडलेले गट कॉम्प्युटरला नुसत्या लक्षणांवरून परत पाडता येतात का ते बघितलं, आणि मग उत्तर भारतातल्या वेगळ्या लोकांत तपासलं. तुम्ही हा पेपर मुळातून वाचा, त्यात जीन नाही तरी वाचा, कारण लेबल कशाच्या जोरावर लागतं हे त्यात दिसतं.

आता मापांकडे येते, आणि इथे मी जास्त वेळ घेणार.

आपल्याकडे मोजण्याची परंपरा नाही, सगळं अंदाजाने, असं आपणच म्हणतो. चरकसंहितेतल्या विमानस्थानाचा आठवा अध्याय काढा. दशविध, म्हणजे दहा अंगांच्या परीक्षेत प्रकृती, विकृती, सार (धातूंची प्रत), संहनन (बांध्याची घट्टता), आणि लगेच प्रमाण! प्रमाण म्हणजे चक्क माप. पाऊल किती अंगुळं (बोटाच्या रुंदीचं माप), जांघ किती, गुडघा किती, हात किती, अख्खं शरीर ८४ अंगुळं, आणि उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी सारखी असली पाहिजे. आणि अंगुळ कोणाचं तर ज्याचं माप घ्यायचं त्याचं स्वतःचं. हे मला आजही थक्क करतं. बाहेरची पट्टी आणलीच नाही, माणसाला त्याच्याच बोटाने मोजलं, म्हणजे बुटका-उंच हा प्रश्नच उरत नाही, उरतं ते प्रमाणबद्धतेचं.

पण करून बघा म्हणजे त्रास कळेल. उंची १६८ सेंमी असेल तर ८४ अंगुळांच्या हिशोबाने एक अंगुळ २ सेंमीचं. आता तुम्ही कॅलिपर घेऊन बोटाची रुंदी मोजता. कुठल्या बोटाची, कुठल्या पेरापाशी, यावर टीकाकारांत आणि आपल्यात आजही एकमत नाही. समजा ठरवलं मधलं बोट, मधलं पेर. कॅलिपर जरा जोरात दाबला की कातडी दबते, अर्धा मिलिमीटर सहज जातो. अर्धा मिलिमीटर गुणिले ८४ म्हणजे ४.२ सेंमी! बोटावरच्या केसभर चुकीने माणूस चार सेंमी वाढला किंवा कमी झाला. त्यात सुश्रुताने शरीर १२० अंगुळं सांगितलंय, त्याची मोजायची रीत वेगळी धरली जाते, म्हणजे दोन ग्रंथांचे आकडे एकाच तक्त्यात घेऊन चालणारच नाही. आमच्याकडे एका मुलीने सहा महिने अंगुलीप्रमाण घेतलं आणि शेवटी कळलं की सकाळी ती एका पेरावर मोजत होती आणि दमल्यावर दुपारी दुसऱ्या. तिची वही परत पहिल्यापासून करावी लागली, रडली ती. तेव्हापासून आम्ही बोटावर आधी पेनाने रेघ मारतो, मग मोजतो, तीनदा मोजतो, आणि तिन्ही आकडे लिहितो, सरासरी नंतर.

साध्या उंचीचंही तसंच. सकाळी उठल्यावरची आणि संध्याकाळची उंची यात एखादा सेंमी फरक पडतो, मणक्यातल्या चकत्या दिवसभरात दबतात म्हणून. म्हणून वेळ लिहा. टाचा भिंतीला, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत, आंबाडा असेल तर सोडायला लावा, आणि बाई संकोचत असेल तर पुरुष कार्यकर्त्याने मापच घेऊ नये.

वजनाबद्दल मात्र एक वेगळीच गोष्ट. कफ प्रकृती ठरवताना सरसकट बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, लावतात, अमुकच्या वर तो कफ. हे थांबवा. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. बीएमआयला हे दिसतच नाही. आणि हे जन्मापासूनचं आहे, पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण पाठीवर खवाट्याखालची चरबीची घडी मोजली तर तिच्यात तेवढी घट नव्हती, घट स्नायूत आणि पोटातल्या अवयवांत होती. बारीक दिसणारं पण चरबी राखून असलेलं बाळ. आता चरकाने स्थूल कोणाला म्हटलंय ते आठवा, ज्याचे स्फिक् (कुल्ले), उदर, स्तन हलतात त्याला. तिथे वजनाचा आकडा नाही, चरबी कुठे बसलीय ते सांगितलंय. म्हणून वजनकाट्याबरोबर कंबर मोजा आणि स्किनफोल्ड कॅलिपरने चार ठिकाणच्या घड्या मोजा, दंडाला पुढे आणि मागे, खवाट्याखाली, आणि कमरेच्या हाडाच्या वर. हे शिकायला दोन आठवडे लागतात, रोज दहा जण तरी मोजले तर. घडी कुठून धरायची ते बोटांना कळायला वेळ लागतो.

नाडीचं विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून लिहिते. पुण्यातच एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत नाडीतरंगिणी म्हणून उपकरण तयार झालं, मनगटावर तीन जागी दाब मोजणारे सेन्सर, जसं आपण तीन बोटं ठेवतो तसे, २००७ मध्ये त्यावर लेखन आलं. मला असल्या कामाचं मोल वाटतं, कारण वैद्याच्या बोटाला जे कळतं ते कागदावर उमटतं आणि दुसऱ्याला बघता येतं. पण सेन्सर किती दाबला आणि कुठे बसवला यावर तरंग बदलतो, आणि बोट ठेवताना वैद्य आपोआप जो दाब सांभाळतो तो मशीनला शिकवावा लागतो. शिवाय नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतात नाही, ती नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेपासून दिसते, तेव्हा प्रकृती ठरवायला नाडीच हवी असा आग्रह धरू नका. थिसिससाठी नाडी बाजूला ठेवा.

प्रश्नावलीबद्दल एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. छापील प्रश्न असतो, 'तुम्हाला भूक कशी लागते? तीव्र, मध्यम, अनियमित'. एका पन्नाशीच्या बाईंना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "भूक? ते सगळ्यांचं झालं की मी जेवते." मी परत विचारलं, म्हणजे सकाळी कधी लागते? त्या हसल्या, म्हणाल्या, "लागत असंल की बाई, कोण बघतंय." तीस वर्षं स्वतःच्या भुकेकडे लक्षच दिलेलं नाही त्या बाईने, आणि माझ्या कागदावर तीन चौकोन होते, त्यातला एक भरायचा होता. तिथे जो चौकोन भरला जाईल तो तिचा अग्नी नसून तिचं घर असेल. त्यानंतर आम्ही प्रश्न बदलले. 'उपास असला की दुपारी काय होतं, डोकं दुखतं, चिडचिड होते, हातपाय गळतात की काहीच नाही?' उपास सगळ्यांना माहीत असतो, चतुर्थी असते, एकादशी असते, लगेच उत्तर येतं. 'राग येतो का' असं न विचारता त्यांच्या बहिणीला किंवा आईला विचारतो, लहानपणी कशी होती म्हणून. आणि ऋतू लिहितो, कारण शरदात पित्त आणि वसंतात कफ वाढणार हे शास्त्रच सांगतं, मग ऑक्टोबरात तपासलेल्या सगळ्यांना पित्त म्हणून बसू नये, जन्मापासूनचं काय ते वेगळं काढावं लागतं.

तर तुमचा थिसिस. माझं म्हणणं असं की विषय बदलू नका, क्रम बदला. ६० च माणसं घ्या, चालेल, पण प्रश्न असा घ्या की दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचा कागद न बघता तपासलं तर प्रकृती किती जुळते, आणि त्याच वैद्याने तीन महिन्यांनी, ऋतू बदलल्यावर, पहिला कागद न बघता तपासलं तर किती जुळते. याला ६० माणसं पुरतात. गणित कप्पाचं, म्हणजे योगायोगाने जुळणारं वजा करून खरं किती जुळलं ते सांगणाऱ्या आकड्याचं. समजा ६० पैकी ३६ जणांत दोघांचं जुळलं, म्हणजे ६० टक्के, ऐकायला बरं वाटतं. पण तीन गट सारखे असतील तर डोळे मिटून लेबल लावलं तरी ३३ टक्के जुळणारच, ते वजा करून कप्पा येतो ०.४, म्हणजे मध्यमाच्याही खालच्या काठावर. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठात वृंदा कुरंडे यांनी नाडी, जिव्हा आणि प्रकृतीच्या परीक्षणावर असंच काम केलंय, ते वाचा, आकडे आपल्याला आवडतील असे नाहीत पण वाचा. मग तुम्ही एक पाऊल पुढे जा, कुठला मुद्दा जुळत नाही ते काढा. आमच्या अनुभवात शरीराचा बांधा, केस, सांधे, त्वचेचा रंग यावर लवकर एकमत होतं. त्वचेचा स्पर्श, बोलण्याची गती, मनाचे गुण यावर होत नाही. स्पर्शाला आम्ही उपाय केला, माणूस आला की २० मिनिटं सावलीत बसवायचा, चहा-पाणी नाही, मग तपासायचं, आणि खोलीचं तापमान लिहायचं. एवढ्याने फरक पडला. मापांचंही तसंच, एकाच माणसाची घडी दोघांनी मोजा, फरकाचा वर्ग करा, बेरीज करा, माणसांच्या संख्येच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा, ती तुमची मोजण्याची चूक. थिसिसमध्ये हा आकडा छापा, आपल्याकडे तो फार कमी लोक छापतात.

आणि जीनचं मन मोडू नका. एथिक्स कमिटीकडे जातानाच संमतीपत्रात लिहा की रक्ताचा थोडा भाग पुढच्या जनुकीय अभ्यासासाठी साठवायचा आहे, त्यात त्याला हो किंवा नाही म्हणायची वेगळी ओळ ठेवा, मराठीत, आणि नाही म्हणणाऱ्यालाही अभ्यासात ठेवा. ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमध्ये ३-४ मिली रक्त, त्यातून डीएनए काढून उणे २० ला ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्यासारखं पाच कॉलेजांतल्या पाच विद्यार्थ्यांनी एकाच पद्धतीने केलं तर ३०० जण होतात, दहा जणांनी केलं तर ६००, आणि त्यांच्या लेबलची खात्री किती ते आधीच माहीत असेल. मग सीवायपी२सी१९ घ्या, त्या वेळी ते ३१ टक्के आणि ९ टक्के खरे आहेत का ते कळेल.

हल्ली थुंकीच्या डीएनएवरून प्रकृती सांगणारी किट मिळतात, ती या कामात वापरू नका. वर सांगितलेलं सगळं संशोधन गटागटांच्या सरासरीचं आहे, एका माणसाच्या डीएनएवरून त्याची प्रकृती सांगण्याइतकं ते पुढे गेलेलं नाही.

गाईडना पटवणं अवघड जाईल, मला माहीत आहे, 'जीन' शब्द शीर्षकात असला की बरं दिसतं. त्यांना तो ६ विरुद्ध २ चा हिशोब कागदावर करून दाखवा, आणि ३४१६ मधून २६२ कसे उरले ते दाखवा. कॅलिपर कॉलेजात नसेल तर शरीररचना विभागात किंवा जवळच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात विचारा, तिथे बहुतेक असतो, आठवडाभरासाठी देतात. पहिल्या दहा जणांची मापं दोघांनी घेऊन झाली की आकडे इथे टाका, चूक किती येतेय ते मी बघून सांगते, मग बाकीच्या ५० जणांना हात लावा.